ताप उतरला, मग पेशंट घरी का येत नाही?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

जुलै लागला की वॉर्डात रिकामी कॉट मिळणं कठीण होतं, दरवर्षीचंच आहे ते. आपल्याकडे फ्लू दोनदा डोकं वर काढतो, एकदा पावसाळ्यात आणि परत जानेवारी ते मार्चच्या सुमाराला, आणि या खेपेची पत्रं जवळजवळ सगळी पावसाळ्यातलीच आहेत. घरातलं कुणीतरी ‘साधा व्हायरल’ म्हणून ॲडमिट झालं आणि मग भलतंच काहीतरी निघालं, कुणाचं हृदय, कुणाची शुगर, कुणी रात्री कॉटवरून उठून पळायलाच लागलं. मी गेली बावीस वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात राउंड घेतेय आणि मला मनापासून वाटतं की हे सगळं नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायला पाहिजे, की व्हायरस छातीत शिरला तरी त्रास छातीपुरता राहत नाही, आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असंही नसतं. राउंडच्या घाईत आमच्याकडून ते राहून जातं. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

प्रश्न: आईला (वय ७२) फ्लू झाला म्हणून ॲडमिट केलं. चौथ्या दिवशी ताप उतरला, बसून पेज जेवली, ऑक्सिजनपण काढला, डॉक्टर म्हणाले उद्या घरी सोडतो. आणि त्याच रात्री हुडहुडी भरून परत १०३ ताप, कफ गंजासारखा लालसर. एक्सरेत न्युमोनिया निघाला. आता सगळे म्हणतात इस्पितळातच लागण झाली. खरं आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: लोक चिडलेत ते साहजिक आहे, बरी झालेली आई डोळ्यादेखत परत आडवी झाली. पण फ्लूची ही जुनी खोड आहे हो. आपल्या श्वासनळीला आतून बारीक केसांसारखं अस्तर असतं, ते सारखं हलत असतं आणि कफ, धूळ, जंतू सगळं वर घशाकडे ढकलत असतं. फ्लूचा व्हायरस नेमकं तेच अस्तर सोलून काढतो. मग जे जंतू एरवी नाकात-घशात गुपचूप पडून असतात, न्युमोकोकस म्हणा, स्टॅफायलोकोकस म्हणा, त्यांना खाली फुप्फुसात उतरायला वाट मोकळी मिळते. गंजाच्या रंगाचा कफ ही तर न्युमोकोकसची पुस्तकी खूण. व्हायरस जाईपर्यंत तीन-चार दिवस गेलेले असतात, माणूस जरा बरा दिसायला लागतो आणि तेवढ्यात हा दुसरा पाहुणा येतो.

आणि हे आजचं नाहीये. १९१८ च्या साथीत जी माणसं गेली त्यांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे अमेरिकेतल्या संशोधकांनी परत तपासले, २००८ मध्ये तो अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की बहुतेक मृत्यू नुसत्या फ्लूने नव्हे, तर त्याच्यामागून आलेल्या बॅक्टेरियाच्या न्युमोनियाने झाले. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. आपल्याकडे आहे, म्हणून तुमची आई आज औषधाला दाद देऊ शकते.

आता इस्पितळातली लागण का, याचं सरळ उत्तर. ॲडमिट होऊन ४८ तास उलटल्यावर नवीन न्युमोनिया झाला तर आम्ही तो इस्पितळातला धरतो, कारण वॉर्डातले जंतू जास्त चिवट असू शकतात आणि त्याप्रमाणे अँटिबायोटिक निवडावं लागतं. पण तो हिशेब औषध ठरवण्यासाठी असतो, दोष ठरवण्यासाठी नाही. जंतू वॉर्डातला असू शकतो तसा आईच्या स्वतःच्या घशातलाही असू शकतो. कफाचं कल्चर, म्हणजे जंतू नेमका कुठला ते शोधायची तपासणी, पाठवलंय का तेवढं विचारा, ते महत्त्वाचं. ‘मग पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक का नाही दिलं’ असंही खूप जण विचारतात. व्हायरसवर ते चालत नाही, आणि प्रत्येकाला आधीच देत सुटलं की उरतात ते त्या औषधाला न जुमानणारे जंतू, आणि मग खरी गरज पडते तेव्हा हातात काही राहत नाही.

ताप एकदा पूर्ण उतरून दोन दिवसांनी परत चढला तर तो नवीन आजार समजायचा. घरी असलात तरी हेच. ‘अशक्तपणाचा ताप असेल’ म्हणून पॅरासिटामॉल देत बसू नका.

प्रश्न: वडील (६६), डायबेटिस आहे. फ्लूने ॲडमिट होते, पाचव्या दिवशी हार्ट अटॅक आला. आधी हृदयाचा काही त्रास नव्हता. शेजारी म्हणतात सलाइनमधून काहीतरी चुकीचं दिलं गेलं. आम्ही काय समजायचं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: वडिलांचे कागद माझ्यासमोर नाहीत तेव्हा त्यांना काय दिलं गेलं त्यावर मी बोलणार नाही, डिस्चार्ज समरी मागून घ्या आणि जे विचारायचंय ते तिथल्या डॉक्टरांना समोर बसून विचारा, तो तुमचा हक्कच आहे. पण फ्लू आणि हार्ट अटॅक यांचं नातं आता नीट माहीत झालंय आणि ते लोकांपर्यंत पोचलेलंच नाहीये याचं मला वाईट वाटतं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टेस्ट करून पक्का फ्लू निघालेल्या माणसांचे स्वतःचेच आधीचे-नंतरचे महिने ताडून पाहिले, तर फ्लूच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका जवळजवळ सहापट निघाला. श्वासाच्या बाकीच्या व्हायरसमध्येही वाढलेला दिसला, पण इतका नाही.

होतं काय, की शरीर व्हायरसशी झुंजत असताना सगळीकडे सूज चढते आणि रक्त घट्ट व्हायला बघतं. हृदयाच्या नळीत वर्षानुवर्षं गुपचूप साचलेला चरबीचा थर अशा वेळी फुटू शकतो आणि त्यावर गुठळी बसते. त्यात तापाने नाडी १२० वर, ऑक्सिजन कमी, म्हणजे हृदयाला काम दुप्पट आणि खुराक निम्मा. ‘आधी काही त्रास नव्हता’ याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की कधी तपासलं नव्हतं. आणि डायबेटिसवाल्याच्या छातीत दुखेलच असंही नाही! नुसता दरदरून घाम, उलटी, एकदम वाढलेला दम, ‘कसंतरीच होतंय’, बस्स एवढंच. वॉर्डात पेशंट असं म्हणाला तर सिस्टरला तिथल्या तिथे सांगा, ईसीजी दहा मिनिटांत होतो. घरी असाल तर १०८.

अजून एक. सर्दी-ताप आला म्हणून ब्लडप्रेशरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणारे खूप असतात, ‘एवढी औषधं एकदम नकोत’ म्हणून. कुठली थांबवायची, कुठली चालू ठेवायची ते डॉक्टरला ठरवू द्या, काही गोळ्या खरंच थांबवाव्या लागतात पण त्या तुम्ही समजता त्या नसतात.

प्रश्न: आजोबा ८१ वर्षांचे. न्युमोनियाने ॲडमिट केलं तोपर्यंत डोकं एकदम शाबूत, पेपर वाचायचे, हिशेब तोंडी करायचे. तिसऱ्या रात्री सलाइन उपसून टाकलं, मला ओळखेनात, वारलेल्या भावाला हाका मारू लागले, होडी सुटली म्हणून उठून पळायला बघतात. दिवसा बरे असतात. घरात कुणी म्हणतं वेड लागलं, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे, गाऱ्हाणं घालूया. मला खूप भीती वाटतेय.
– एक वाचक, कुडचडे

उत्तर: बाय, आधी श्वास घे. आजोबांना वेड लागलेलं नाही आणि बाहेरचंही काही नाही. याला डिलिरियम म्हणतात, आणि म्हाताऱ्या माणसाला छातीचं इन्फेक्शन झालं की हे इतकं सर्रास होतं की आम्ही त्याची वाटच बघत असतो. मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, तापाची सूज तिथपर्यंत पोचते, रक्तातलं सोडियम घसरतं, झोप होत नाही, आणि वर अनोळखी जागा, रात्रभर दिवे, मशीनचे आवाज. तरुण मेंदू हे पचवतो. ८१ वर्षांचा मेंदू गडबडतो. दिवसा बरे आणि रात्री बिघडतात, हेच त्याचं लक्षण, स्मृतिभ्रंश असा दोन दिवसांत येत नाही.

देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर खुशाल घाला, मनाला धीर येतो, पण त्याच वेळी डॉक्टरला हे विचार: ऑक्सिजन किती आहे, सोडियम बघितलं का, लघवी तुंबलीय का, पोट साफ झालं का, झोपेची किंवा सर्दीची एखादी गोळी चालू आहे का. तुंबलेली लघवी आणि चार दिवसांचं बद्धकोष्ठ एवढ्यानेसुद्धा म्हातारा माणूस बडबडायला लागतो, मी कितीदा पाहिलंय. नळी घातली, पाऊण लिटर लघवी झाली आणि माणूस शांत झोपला.

बाकीचं अर्धं औषध मात्र तुझ्याच हातात आहे. आजोबांचा चष्मा कुठे आहे? बहुतेक घरी कपाटात, ‘इथे हरवेल’ म्हणून. तो आण. कानाचं मशीन असेल तर तेही आण, दातांची कवळी पण. ज्याला धड दिसत नाही, ऐकू येत नाही त्याला वॉर्डातलं सगळं भुताटकीच वाटणार. कॉट खिडकीजवळ मिळत असेल तर माग, दिवसा उजेड आणि रात्री दिवा मंद. रोज एकच माणूस सोबतीला ठेवा, दर चार तासांनी नवीन चेहरा नको, आणि त्यांच्याशी घरच्या बोलीत बोल, सिस्टर हिंदीत बोलतात, डॉक्टर अर्धं इंग्लिश, त्यात ते आणखी हरवतात. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते, असेच होडी-होडी करणारे, त्यांची नात उशाशी बसून त्यांना विचारायची, आजोबा, चवथ आली, माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या छताला) काय काय बांधायचं, आणि ते डोळे मिटून एकेक नाव घ्यायचे, कवंडळ, आंबाडे, नारळाची पेंड, सुपारीचा शिपटा, आणि चुकत नव्हते! तेवढा वेळ हात सलाइनकडे जायचा नाही. तू पण असं काहीतरी शोध. ‘तसं काही नाहीये, होडी कुठली’ म्हणून वाद घालू नको, ‘होडी बांधून ठेवलीय, सकाळी बघू’ म्हण आणि हात धर.

हात बांधायची वेळ शक्यतो येऊ नये, बांधलं की माणूस जास्त घाबरतो आणि जास्त झटापट करतो. कधीकधी इलाज नसतो तेही खरं. आणि डिलिरियमचा दुसरा एक प्रकार असतो तो जास्त फसवा, पेशंट काही गोंधळ करत नाही, उलट गप्प पडून राहतो, जेवत नाही, हाकेला उशिरा ओ देतो, आणि घरचे म्हणतात, ‘बरं झालं, आज शांत झोपलेत’. अशी शांतता दिसली तर लगेच सांगायचं.

घरी आल्यावर पूर्ण ताळ्यावर यायला काही आठवडेही लागू शकतात, काहींची विसरभोळेपणाची तक्रार मागे उरते, हे लपवून उपयोग नाही. पण घाबरून आत्ताच आशा सोडू नको.

प्रश्न: मी ३४ वर्षांचा, दमा आहे, व्हायरलने दमा उसळला म्हणून पाच दिवस ॲडमिट होतो. स्टेरॉइड दिलं आणि शुगर ३८० वर गेली, इन्सुलिन टोचायला लागले. आता मी कायमचा डायबेटिक झालो का? स्टेरॉइड द्यायलाच नको होतं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: दमा उसळला असताना स्टेरॉइड देणं बरोबरच, तिथे ते जीव वाचवतं. शुगर स्टेरॉइडनेही वाढते आणि आजाराच्या ताणानेही वाढते, दोन्ही मिळून ३८० झाली असेल. बहुतेकांची औषध थांबल्यावर खाली येते. तुमची आधीपासूनच थोडी वाढलेली होती का ते एचबीए१सी या टेस्टने कळेल, त्यात मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दिसते. ती करा आणि सहा-आठ आठवड्यांनी उपाशीपोटीची शुगर परत बघा.

माझी काळजी वेगळीच आहे. तुमच्याकडे त्या गोळ्या उरल्या असतील आणि पुढच्या सर्दीला तुम्ही त्या घ्याल, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला द्याल. कोविडमध्ये हेच झालं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलने २०२० मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू कमी करतं. पण त्याच अभ्यासात ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नाही, आणि हे दुसरं वाक्य कुणी वाचलंच नाही. लोकांनी घरी बसून, शुगर न तपासता, जास्त डोसमध्ये, जास्त दिवस स्टेरॉइड खाल्लं, आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिसची लाट देशाने बघितली. ज्यांचे डोळे काढावे लागले ते चेहरे विसरता येत नाहीत. फ्लूच्या न्युमोनियात तर स्टेरॉइड सरसकट देतही नाहीत, दमा वगैरे दुसरं कारण असेल तरच. तेव्हा उरलेल्या गोळ्या आजच टाकून द्या. आणि पुढच्या काही आठवड्यांत गालाची एक बाजू बधिर झाली, नाकातून काळपट पाणी आलं, डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसायला लागले तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

प्रश्न: मला सातवा महिना आहे, जावेला फ्लू निघालाय, एकाच घरात राहतो. मला झाला तर औषध घेता येतं का? लस आता चालते का?
– एक वाचक, सांगे

उत्तर: दोन्हीला हो. गरोदरपणात फ्लू जास्त जोरात येतो कारण वाढलेल्या पोटाने फुप्फुसांना जागा कमी पडते आणि प्रतिकारशक्तीही बदललेली असते, म्हणून ताप आला की त्याच दिवशी दाखव. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या व्हायरसवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त काम करतं आणि गरोदरपणात देतात. फ्लूचं इंजेक्शन मेलेल्या व्हायरसचं असतं, कुठल्याही महिन्यात चालतं आणि जन्मल्यावर पहिले काही महिने बाळालाही त्याचा आधार मिळतो. असर यायला दोन आठवडे लागतात एवढं लक्षात ठेव, म्हणून बाकीच्या वाचकांनी, खासकरून साठीच्या पुढच्यांनी आणि डायबेटिस-हृदय-दमावाल्यांनी ते एप्रिल-मेमध्येच घ्यावं, दरवर्षी, कारण व्हायरस बदलतो तशी लस बदलते.

प्रश्न: चार महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली, छाती घरघरते. डॉक्टर म्हणतात आरएसव्ही असेल, घरी ठेवा. अँटिबायोटिक नको का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर: नको, आरएसव्ही हाही व्हायरसच, लहान बाळांच्या छातीला धरणारा, आणि कफ सिरपपण नको. दूध थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा, नाक सलाइनच्या थेंबांनी मोकळं करा. बाळ झोपलेलं असताना झगा वर करून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजा, श्वास ५० किंवा जास्त झाले, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, नेहमीच्या निम्मंही दूध घेईना, किंवा मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटला तर लगेच न्या. लंगोट सहा-आठ तास कोरडा राहिला तरी न्या.

प्रश्न: सासऱ्यांना छातीच्या इन्फेक्शनने आठ दिवस झाले ॲडमिट, मी सोबतीला असते. मी नक्की काय करायचं, नुसती बसून असते. घरून पेज आणि मुगाची आमटी नेते, पण भरवताना ठसका लागतो.
– एक वाचक, पेडणे

उत्तर: नुसती बसून कसली, तुमच्यावरच तर अर्धा वॉर्ड चालतो. रोज दोनदा लघवी किती झाली ते बघा आणि रंग बघा, कमी आणि गडद होत असेल तर सांगा, तापात पाणी कमी पडून मूत्रपिंडाला फटका बसतो आणि त्यात कुणी फार्मसीतून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आणून दिली असेल तर दुहेरी. दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाडावर आणि टाचांवर लाली दिसते का ते बघा, दाबल्यावर जात नसेल तर तो बेडसोरचा आरंभ. पाय हलवायला लावा, घोटे वर-खाली, दिवसातून कितीदातरी, आणि डॉक्टर हो म्हणाले की खुर्चीत बसवा. पडून राहिलेल्या माणसाच्या पायात गुठळी होते, एकच पोटरी सुजली, दुखायला लागली तर चोळू नका, तेल तर नकोच, आधी सांगा. घरी गेल्यावरसुद्धा काही आठवडे हा धोका असतो. बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघत असाल तर बोट गरम आणि कोरडं हवं, हात थंडगार असेल तर आकडा चुकतो. जुनी बिडी-सिगरेटची छाती असेल तर त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हाच बरोबर आकडा असू शकतो, तेव्हा ९० बघून स्वतः ऑक्सिजनचा नॉब वाढवू नका, विचारा.

ठसक्याचं मात्र आजच डॉक्टरला सांगा, मी हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. आठ दिवस तापात पडलेल्या माणसाची गिळायची ताकद कमी होते आणि पातळ पेज सरळ श्वासनळीत उतरते, मग त्याच छातीत नवीन न्युमोनिया. प्रेमाने भरवलेल्या पेजेनेच माणूस परत आयसीयूत गेलेला मी बघितलाय, आणि ती सून त्यानंतर कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होती, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पातळ निवळीपेक्षा घोटलेली दाट पेज बरी. कॉटचं डोकं चांगलं वर करा, शक्य असेल तर पाय खाली सोडून बसवा, हनुवटी जरा छातीकडे. अर्धा चमचा. गिळल्याचं गळ्यावर दिसलं की मग पुढचा. मास्कवाला ऑक्सिजन किंवा बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) चालू असताना भरवू नका, दम लागलेला असताना तर अजिबात नाही, एक वेळ उपाशी राहिले तरी चालेल. झोपाळलेले असतील तर उठवून भरवू नका. जेवण झालं की अर्धा तास तसंच बसवून ठेवा आणि मऊ ब्रशने दात, जीभ, गालाच्या आतून सगळं साफ करा, कवळी असेल तर काढून धुवा, कारण तोंडात साचलेली घाणच रात्री झोपेत छातीत उतरते. आणि मुगाच्या आमटीतली मिरचीची साल, कोथिंबिरीची काडी घरूनच गाळून न्या.